फोनवर मी नुसतं 'पार्टिशन काढते' म्हणाले!

कॉम्प्युटरमधला बिघाड शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नाही! ही बढाई नाही हं, आमचे साहेबसुद्धा तेच म्हणतात. म्हणजे ते असं म्हणतात, "बाई, बिघाड शोधण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही, आणि नवे बिघाड करायला लागता तेव्हाही तो कुणाला वेळेवर धरता येत नाही." पण आपण त्यातलं कामाचं तेवढं घ्यावं.

तर त्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला आणि मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "एवढंच ना? दुपारच्या चहाच्या आत काढून टाकते!"

काय काढून टाकते, ते आधी सांगायला हवं. कारण पुढे जो घोळ झाला तो मी हे आधी घरात कुणाला सांगितलं नाही म्हणूनच झाला.

आमची कंपनी झोपेचं यंत्र बनवते. झोपेचं म्हणजे उशाशी ठेवायचा एक छोटासा डबा. बटण दाबलं की त्यातून समुद्राच्या लाटा ऐकू येतात, नाहीतर झाडीतला वारा, नाहीतर कुठल्यातरी लांबच्या झऱ्याची झुळझुळ. डब्याला दोन बारीक वायरी, वायरींच्या टोकांना दोन चपटे स्पीकर, ते दोन उशांखाली सारायचे. नवऱ्याला समुद्र हवा असेल आणि बायकोला रान, तर ज्याचं त्याला मिळतं. साहेब त्याला 'संसार टिकवणारं यंत्र' म्हणतात. साहेबांचं अजून लग्न झालेलं नाही.

आता डब्याच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर असतो. त्याने लाटा साध्या डिस्कवरून वाचायच्या म्हटल्या तर डिस्क खर्र खर्र करते, आणि नुकती डोळ्यावर आलेली झोप कुणी कपाट उघडल्यासारखी दचकून उभी राहते. म्हणून आम्ही सगळे आवाज सुरुवातीलाच रॅम डिस्कमध्ये नेऊन ठेवतो. रॅम डिस्क म्हणजे खरी डिस्क नव्हेच. कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचा एक तुकडा डिस्क असल्याचं सोंग घेऊन बसतो, एवढंच. पण काय सुंदर सोंग! फिरणं नाही, घरघर नाही, हाक मारली की लगेच हजर. वीज गेली की मात्र सगळं पुसलं जातं, सकाळी चहाचा कप हातात येईपर्यंत स्वप्न विरून जावं तसं. हे सोंग सांभाळणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो काही आम्ही लिहिलेला नाही. जगभरची हौशी माणसं असले ड्रायव्हर लिहितात आणि फुकट वाटतात. आम्ही कधीतरी एक प्रत उतरवून घेतली होती.

बिघाड असा होता. हा ड्रायव्हर म्हणायचा की माझ्या डिस्कचे खुशाल भाग पाडा, मला पार्टिशन चालतात. आणि पाडले की दोन्ही भागांना एकच नंबर देऊन मोकळा! एका जिन्यावरच्या दोन दारांवर एकच पाटी लावली तर काय होईल? यांचं दूध त्यांच्याकडे, त्यांचे पाहुणे यांच्याकडे. तसंच झालं. एका जोडप्याला डबा वापरून बघायला दिला होता. नवऱ्याच्या समुद्रात किडे किरकिरायला लागले, आणि बायकोने साहेबांना फोन केला, "आमच्या रानात भरती येतेय!"

मी विचार केला, हे दुरुस्त तरी कशाला करायचं? दोन भाग हवेत तर दोन वेगळ्या रॅम डिस्क कराव्यात. सोंगच ते, एकाच्या जागी दोन. तेव्हा ड्रायव्हरमधून पार्टिशनचा सगळा बारदाना काढून टाकायचा. प्रश्न मिटला!

आता आमच्या घराविषयी.

आमच्या घरातही एक पार्टिशन आहे. म्हणजे होतं. प्लायवूडचं, हॉलच्या बरोबर मधून. पलीकडे माझे थोरले दीर आणि जाऊबाई, अलीकडे मी आणि नवरा, जिन्यावर दोघांची दारं वेगळी. सासूबाई दोन्हीकडे, त्यांचं जेवण पलीकडे आणि चहा अलीकडे. भांडण कशावरून झालं होतं म्हणाल तर रेडिओवरून. भाऊजी पहाटे उठून रेडिओ लावायचे, आणि आमच्या ह्यांना उशिरापर्यंत झोपायची आवड. एके सकाळी ह्यांनी उशी फेकली, ती नेमकी भाऊजींच्या चहावर पडली. मग "तुझं तू बघ, माझं मी बघतो" झालं, आणि संध्याकाळी सुतार मापं घ्यायला आला.

सुताराने माप अगदी चोख घेतलं, पण वरच्या बाजूला कुणी बघितलंच नाही. त्यामुळे पंखा आमच्याकडे आणि त्याचं बटण त्यांच्याकडे. ट्यूबलाइट त्यांच्याकडे आणि तिचं बटण आमच्याकडे. हॉलमधली मोठी खिडकी चिरून अर्धी अर्धी झाली, म्हणजे दोघांपैकी कुणालाच ती धड उघडता येईना. आणि दोघे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी सासूबाईंमार्फत बोलायला लागले. "आई, त्याला सांग पंखा जोरात कर." "आई, त्याला सांग म्हणावं, आधी लाइट बंद कर." सासूबाई इकडून तिकडे निरोप नेता नेता मधेच विसरायच्या आणि स्वतःच्या मनाने काहीतरी सांगायच्या. त्यामुळेच तर घर बरं चाललं होतं.

त्या दुपारी मी आमच्या अर्ध्या खिडकीपाशी टेबल लावून बसले होते. शेजारी तो डबा. डब्यातून समुद्र चालू. दिवसभर समुद्र चालू असला की घराचं कसं होतं ठाऊक आहे? सगळंच मऊ पडतं. पडद्याला उगाच लाट येतीय असं वाटतं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा पेंगत चालल्यासारखं वाटायला लागतं. सासूबाई खुर्चीत मटार सोलता सोलता थांबल्या होत्या. हनुवटी छातीवर, मुठीत एक अर्धी उघडलेली शेंग. पलीकडून जाऊबाईंच्या भाजी चिरण्याचा टक टक आवाज येत होता, तोही लाटेच्या तालावर.

तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. फोनवर मी जरा मोठ्याने बोलते. नवरा म्हणतो, तुझ्या आवाजाला फोनची गरजच काय!

"हो साहेब," मी म्हटलं, "पार्टिशन आजच काढून टाकते!"

पलीकडची टक टक थांबली. माझ्या काही ते लक्षात आलं नाही.

"छे छे, दुरुस्तीत काही अर्थ नाही. पहिल्यापासूनच तुटकं आहे ते. नुसतं नावाला उभं. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सगळं मिसळतंच आहे, मग वेगळं असल्याचं सोंग तरी कशाला?"

साहेब काहीतरी म्हणाले.

"विचारायचं कुणाला? कुणालाच नकोय ते! ज्यांनी घातलं त्यांनासुद्धा आता आठवत नसेल, का घातलं होतं!"

मी फोन ठेवला. सासूबाईंनी एक डोळा उघडला. "कुणाला काढतायत गं?"

"काही नाही, आई. ड्रायव्हरमधलं थोडंसं."

"अगंबाई, ड्रायव्हरला? सांभाळून घ्यावं गं. त्यालाही मुलंबाळं असतील." आणि त्या परत पेंगल्या.

पलीकडे काय झालं ते मला पुढे कळलं. जाऊबाई सुरी तशीच टाकून आतल्या खोलीत धावल्या. भाऊजी शाळेत भूगोल शिकवतात. सकाळची शाळा करून येऊन आडवे झाले होते. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, उठा! ती पार्टिशन काढतेय. म्हणाली, वेगळं असल्याचं सोंग तरी कशाला!"

भाऊजी उठून बसले. मग हॉलमध्ये आले, पार्टिशनवर त्यांच्या बाजूने टांगलेला जगाचा नकाशा खिळ्यावरून काढला, नीट गुंडाळला आणि म्हणाले, "धाकट्यांनी पुढाकार घेतला. निदान स्क्रू तरी आपण काढावेत. सुताराला बोलाव."

इकडे मी ड्रायव्हरमधल्या ओळी भराभर खोडत होते. काय मजा येते खोडायला! लिहिण्यापेक्षा जास्त येते. सगळं खोडून झालं आणि नवा ड्रायव्हर तयार व्हायला लावला. त्याला वेळ लागतो. त्या वेळात काही करण्यासारखं नसतं. समुद्र चालू होता, खिडकीतून अर्धं ऊन टेबलावर आलं होतं, त्यात धुळीचे कण हळूहळू फिरत होते... माझा डोळा लागला.

स्वप्नात खरोखरचा समुद्र होता. हिरवागार, शांत. त्यावर प्लायवूडचा एक मोठा तुकडा तरंगत होता, आणि त्यावर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. दाणे पाण्यात टाकत होत्या आणि दाण्यांचे मासे होत होते. त्यांच्या शेजारी टोपी घातलेला एक ड्रायव्हर. तो माझ्याकडे बघून अदबीने म्हणाला, "बाई, माझा सपोर्ट काढलात. आता मी टेकू कुठे?" मी म्हटलं, "आईंच्या खुर्चीला टेका." वर पांढरे पक्षी फिरत होते आणि ओरडत होते, कर्रर्र... कर्रर्र... कर्रर्र...

मी जागी झाले. समुद्र डब्यात होता, पण कर्रर्र तसंच चालू! प्लायवूडमधून येत होतं. मला वाटलं, जाऊबाई काहीतरी वाटतायत. मी डोळे चोळले, नवा ड्रायव्हर डब्यात घातला आणि डबा बंद करून चालू केला.

शुकशुकाट! ना समुद्र, ना रान!

डब्यातला बाकीचा प्रोग्रॅम दोन भाग शोधत होता आणि भाग तर मी काढून टाकले होते. साहजिकच होतं ते. म्हणजे आधी लक्षात आलं असतं तर साहजिक. तेवढ्यात पुन्हा साहेबांचा फोन! झालं ते मी सांगून टाकलं. उद्या डबे गादीवाल्यांना दाखवायचे आहेत, आणि तुम्ही एक भाग काढलात तर दुसऱ्याने जायचं कुठे, म्हणून ते ओरडत होते. माझाही आवाज चढला.

"अहो, दोघांना एकाच जागेत कोंबायचंच कशाला? ही जागा एकाची! दुसऱ्यासाठी सरळ दुसरी जागा करायची! काढलं म्हणजे काढलं, आता ह्यात कुणाची दयामाया नको. चहाच्या आत दोघांचं वेगवेगळं करून टाकते!"

पलीकडचं कर्रर्र थांबलं.

मी कामाला लागले. दोन रॅम डिस्क करायच्या, एकीत समुद्र, दुसरीत रान, आणि डब्याला सांगायचं की आता दोन नावांनी हाका मार. चार ओळींचं काम. त्या लिहून झाल्या, मी डबा पुन्हा चालू केला (त्याला उठायला जरा वेळ लागतो) आणि दाराची बेल वाजली.

दारात भाऊजी! आमच्या दारात! काखेत गुंडाळलेलं जग, मागे जाऊबाई, त्यांच्या डोळ्याला पदर.

"तुम्हाला एकच विचारायचं होतं," भाऊजी म्हणाले. नेहमी 'अगं' म्हणणारे भाऊजी एकदम 'तुम्ही'वर आले होते. "आम्ही कधी निघायचं?"

मी त्यांच्या काखेतल्या नकाशाकडे बघितलं. "सहलीला चाललात?"

जाऊबाईंनी हुंदका दिला. "बघा! वर चेष्टा करतेय!"

"जगात जागा पुष्कळ आहे," भाऊजी म्हणाले. "आम्ही आमचं बघू. फक्त हे आम्हाला पार्टिशनमधून ऐकायला लागायला नको होतं. धाकट्याने समोर येऊन सांगायचं होतं."

मला खरंच काही कळेना. मी नुसतं "अहो पण... अहो पण..." करत उभी. आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. "काय झालं? ड्रायव्हरला काढलं का शेवटी?"

"ड्रायव्हर?" भाऊजी माझ्याकडे वळले. "म्हणजे गाडी घेतलीत तुम्ही? ती ठेवायला जागा हवी म्हणून आम्ही नकोसे झालो का?"

"गाडी कुठे ठेवणार आहेस गं, हॉलमध्ये?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

"आई, गाडी नाहीये!"

"मग ड्रायव्हर कशाला ठेवला होतास?"

सासूबाईंनी फोन उचलला आणि धाकट्या चिरंजीवांच्या दुकानात लावला. आमच्या ह्यांचं खालच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी फोनवर जे ऐकलं ते असं: "लवकर ये. दादा घर सोडून चाललाय, ड्रायव्हर बेकार झालाय, आणि बायको तुझी हॉलमध्ये गाडी आणतेय!"

नवरा आला तो धापा टाकत जिना चढून, आणि दुकानातली नंबर तपासायची ती जाड भिंगांची गोल फ्रेम नाकावर तशीच! गिऱ्हाइकाला दाखवता दाखवता स्वतःच घालून बघत होता म्हणे. दारात येऊन त्याने भावाकडे बघितलं आणि भिंत धरली.

"दोन दादा?"

"एकच आहे," भाऊजी म्हणाले, "आणि तोही चाललाय."

हे एवढंच वाक्य. पण ते मधे आईला न घालता बोललेलं होतं! जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. रडणं क्षणभर थांबलं.

आणि त्याच क्षणी पार्टिशन कण्हलं.

कण्हलं म्हणजे अगदी माणसासारखं. आम्ही सगळे वळलो. प्लायवूडची वरची कड भिंतीपासून सुटली होती आणि अख्खं पार्टिशन आमच्या बाजूला, माझ्या टेबलावर, डब्यावर, झोपेतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखं सावकाश वाकायला लागलं होतं.

"धरा!" मी किंचाळले.

नवरा धावला आणि पाठ लावून उभा राहिला. दोन दिसत असल्यामुळे आधी चुकीच्या पार्टिशनला पाठ लावायला गेला, मग खऱ्याला. भाऊजी नकाशा टाकून जिन्यावरून वळसा घालून पलीकडे पळाले. पलीकडून त्यांचा आवाज आला, "अरे, हे काय? सगळे स्क्रू काढलेस?"

"म्म्म्," सुतार म्हणाला.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पलीकडे सुतार आहे. त्याला काढलेले स्क्रू तोंडात धरायची सवय. जाऊबाईंनी आधी सांगितलं होतं काढ, मग रडत सांगितलं थांब, आणि तोवर त्याच्या तोंडात जवळजवळ अख्खं पार्टिशन मावलं होतं!

"परत लाव!"

"म्ह्म् म्म् म्ह्?" सुतार म्हणाला. नक्की काय करू, असा त्याचा अर्थ असावा.

"तू सोडू नकोस!" भाऊजी पलीकडून ओरडले. ते वरची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरत होते.

"मी कुठे सोडतोय? तू ओढ!" नवरा अलीकडून.

"ओढतोच आहे! तुला काही जोर लावायला जमतं का?"

"तू नेहमी जास्त ओढतोस! म्हणूनच तर..."

"काय म्हणूनच?"

आणि तेव्हा डबा जागा झाला.

नव्या ड्रायव्हरवर, दोन नव्या डिस्कवर, पहिल्यांदाच. एक स्पीकर माझ्या टेबलावर होता, त्यातून समुद्र आला. दुसरा खिडकीच्या कडेला ठेवला होता, त्यातून झाडीतला वारा आला. एकातलं दुसऱ्यात काही नाही! लाटेत किडा नाही, पानांत पाणी नाही! मी दोन्ही हात वर करून "झालं!" असं ओरडणार होते, पण ओरडवेना. एक लाट सावकाश यायची, थांबायची, मागे सरायची. आणि ती मागे सरली की वारा सुटायचा. घर पुन्हा मऊ पडायला लागलं. जाऊबाई पदर डोळ्यांना तसाच लावून ऐकत राहिल्या. सासूबाई हळूच खुर्चीत टेकल्या. पार्टिशनच्या दोन बाजूंना दोघे भाऊ, एक पाठ लावून, दुसरा वरची कड धरून, तसेच उभे.

बऱ्याच लाटा गेल्यावर भाऊजी प्लायवूडपलीकडून म्हणाले, "रेडिओ मी कधीच बंद केलाय. माहितीये ना?"

"माहितीये," नवरा म्हणाला. "म्हणून तर हल्ली मला जाग येत नाही. रोज दुकान उशिरा उघडतो."

"लावत जाऊ?"

"हळू लाव."

पुन्हा लाट. पुन्हा वारा.

"मग आम्हाला जायला कशाला सांगितलंत?" भाऊजींनी विचारलं. 'तुम्ही' होतंच, पण त्यातली धार गेली होती.

"मी? मी दुकानात होतो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जे पलीकडे होते त्यांनीसुद्धा माझ्याकडेच बघितलं असणार. मग मी सांगितलं. रॅम डिस्क सांगितली, एक नंबर दोन दारं सांगितलं, रानातली भरती सांगितली. पार्टिशन ते तिथलं, आणि ज्याला दुसरी जागा बघायला सांगितली ते रान!

"आणि ड्रायव्हर?" सासूबाई.

"प्रोग्रॅम आहे, आई. माणूस नाही."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "जीव नुसता टांगणीला लागला होता त्याच्यासाठी."

मला वाटलं, आता सगळे हसतील. पण कुणीच हसलं नाही. जाऊबाईंचा चेहरा उतरला. पलीकडे भाऊजी नुसतं "असं होय," म्हणाले, आणि मग अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं, "म्हणजे आपलं नव्हे."

"नाही," मी म्हटलं. इतकं जड 'नाही' मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

सुताराने तेवढ्यात एकदाचे सगळे स्क्रू तळहातावर काढले. "मग लावू ना परत? माझी पलीकडच्या गल्लीत दाराची चौकट राहिलीय."

लाट आली, थांबली. सुतार स्क्रू हातात खुळखुळवत उभा. मला बोलायचं होतं, पण सकाळपासून मी जे जे बोलले होते त्याचं काय झालं ते बघून तोंडाला कुलूप लावलं होतं.

शेवटी नवरा म्हणाला, "दादा, माझे हात भरून आलेत."

"माझेही."

"सोडू का?"

"सोड," भाऊजी म्हणाले. "पण सावकाश. तिच्या टेबलावर पाडू नकोस."

मी डबा आणि स्पीकर पोटाशी धरून बाजूला झाले. नवरा वळला, प्लायवूडला हात लावून एक एक पाऊल मागे येत गेला, भाऊजी पलीकडून एक एक पाऊल पुढे, आणि ते मोठं प्लायवूड दोघांच्या हातांवरून खाली खाली येत फरशीवर निजलं. निजलं हाच शब्द. धूळ हलकेच उडाली. त्यामागे एवढं ऊन होतं! अख्ख्या खिडकीचं ऊन मी विसरूनच गेले होते. त्या उजेडात समोरासमोर उभे दोघे भाऊ, दोघांच्याही केसांत भुसा, आणि एकाच्या नाकावर ती जाड फ्रेम.

"काढ ते," भाऊजी म्हणाले.

"राहू दे," नवरा म्हणाला. "एवढ्या दिवसांनी दिसतोयस. दोनदा दिसलास तर काय बिघडलं?"

भाऊजी हसले. मग जाऊबाई हसल्या, रडत. सुतार चौकटीकडे गेला. जाऊबाईंनी चहा टाकला, आणि आम्ही सगळे तो प्यायला त्या पडलेल्या प्लायवूडवरच बसलो, नावेत बसावं तसे, पाय आत घेऊन. सासूबाईंना कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नव्हता, त्यामुळे त्यांना कसं बसावं तेच कळेना. थोड्या वेळाने त्या आडव्याच झाल्या. डबा मधे ठेवला होता. एका बाजूने समुद्र, एका बाजूने रान. भाऊजींनी उशीऐवजी जगाचा नकाशा डोक्याखाली घेतला. नवरा त्यांच्या शेजारी कलंडला. दुपार उताराला लागली होती आणि एकेक जण त्या लाटांवर सोडून दिल्यासारखा लांब लांब जात होता.

मी एकटी जागी होते. चहाच्या आत काम झालं होतं! म्हणजे चहाच जरा उशिरा झाला, पण काम झालं होतं. मला वाटलं, एवढं चांगलं काम आपल्यापुरतं कशाला ठेवायचं? तो ड्रायव्हर जगभरच्या ज्या हौशी मंडळींनी लिहिला होता त्यांनाच मी माझी दुरुस्ती पाठवून दिली. सोबत चार ओळी: तुमच्या रॅम डिस्कमधलं पार्टिशन तुटकं आहे, मी ते समूळ काढून टाकलं आहे, सर्वांना उपयोग व्हावा. थोडा रुबाब होता त्या ओळींत, नाकारत नाही.

उत्तर लगेच आलं. जगात कुठेतरी कुणीतरी जागंच होतं. फार सभ्य माणूस. लिहिलं होतं: आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहोत. हे पार्टिशन आम्ही मागेच काढून टाकलेलं आहे. तुमच्याकडची प्रत फार जुनी दिसते. कृपया नवी उतरवून घ्यावी.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. स्क्रीन हळूच मिटली. माझा सुस्कारा जरा मोठाच झाला असणार, कारण जाऊबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "काय गं? ते काढल्याचं कळवलंस का त्या लोकांना? काय म्हणतायत?"

"खूश आहेत," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जागा करून आडवी झाले. "म्हणतायत, तुमचं काम इतकं बरोबर आहे की आम्ही ते आधीच करून ठेवलंय."